चांगुणानं सोडलेला घास

पारनेर ठाण्यावर निरोप आला तो सोमवारी दुपारी एकच्या सुमाराला. पिंपळदऱ्याच्या पाझर तलावावर, दुष्काळी कामावर, एक बाई मेली होती. विषबाधेचा संशय. खाली गावच्या पोलीस पाटलानं आणखी एक ओळ खरडली होती: सासूनं गुन्हा कबूल केला आहे, गाडी लगेच पाठवावी.

फौजदारसाहेब नगरला बंदोबस्तावर गेलेले, ते गुरुवारी परतणार. मग उरले हवालदार बाबाजान शेख. वय बावन्न, गुडघे कुरकुरणारे आणि तोंड फटकळ. ते खडीच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून निघाले. कबुली मिळालीय म्हणजे काम सोपंच की, असं ड्रायव्हर म्हणाला, तेव्हा बाबाजाननी त्याला पुढं बघून गाडी चालवायला सांगितलं.

त्र्याहत्तरचा मे महिना होता. विहिरी खडखडीत, गावात टँकर येईल त्या दिवशी पाणी. पिंपळदऱ्यातली झाडून सगळी माणसं तलावावर माती वाहत होती. मजुरीशिवाय रोज दुपारी तिथं सुकडी मिळायची. गहू, डाळ, शेंगदाणे भाजून दळायचे, गूळ घालून वड्या पाडायच्या. कित्येक घरांत दिवसभरात तेवढंच काय ते पोटात जायचं.

बाभळीखाली चांगुणाला ठेवलं होतं. बावीस वर्षांची पोर, चार महिन्यांची गरोदर. चेहरा इतका सुजला होता की डोळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या होत्या. मानेवर, दंडांवर लालभडक गांधी उठलेल्या. बाबाजाननी सत्तावीस वर्षांत विष प्यालेली माणसं पाहिली होती. त्यांच्या तोंडाला फेस असतो, वास असतो. इथं त्यातलं काही नव्हतं.

चार हातांवर सासू बसली होती, साळूबाई. पन्नाशीची, काटकुळी. तिनं मान वर केली नाही.

"मीच मारली," ती म्हणाली. "मला न्या."

"कशानं मारली?"

"माझ्या हातानं."

"हातानं काय दिलं?"

बाबाजाननी गोडीनं विचारलं, दटावून विचारलं, पण ढिम्म. सून नकोशी झाली होती का, असं विचारल्यावर मात्र तिनं त्यांच्याकडं अशी नजर टाकली की त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं.

जे घडलं ते सांगितलं रंगुबाईनं. ती चांगुणाच्या जोडीनं माती वाहायची, दोघींचं गूळपीठ होतं. ती रडत रडतच बोलली, पण बाई हुशार, एक गोष्ट मागची पुढं केली नाही.

चांगुणा सुकडी कधी खायची नाही. तिनं शेंगदाणा सोडलेला होता, देवाच्या नावानं. तिच्या वाट्याची वडी परस्पर रंगुबाई घ्यायची आणि तिला अर्धी भाकरी द्यायची. पण गेले पंधरा दिवस रंगुबाईकडंच भाकरी नव्हती. शनिवारी चांगुणा पाटी डोक्यावर असताना भोवळ येऊन पडली. आणि आज साळूबाईनं स्वतःच्या हातानं तिला सुकडी भरवली.

"जबरदस्तीनं?" बाबाजाननी विचारलं.

"न्हाई वो. तिनं डोंगराकडं बघून हात जोडले आन खाल्ली. म्हनली, रंगूमावशी, लई ग्वाड लागती की. एवढी वर्सं मला म्हाईतच न्हवतं."

"मग?"

"मग ओठ खाजवाया लागली. खोकली. घसा धरून बसली. तमाखूची चिमूट मळून व्हईस्तवर बोलनं बंद झालं."

"उरलेल्या सुकडीचं काय केलं?"

रंगुबाईनं मान खाली घातली. मग हळूच म्हणाली की चांगुणा खाजवाया लागली तेव्हा हातातला अर्धा तुकडा तिनं रंगुबाईला दिला होता आणि रंगुबाईनं तो खाल्ला होता. काही झालं नव्हतं. त्या दिवशी दोनशे चाळीस बायांनी तीच सुकडी खाल्ली होती आणि सगळ्या धडधाकट होत्या.

म्हणजे सुकडीत विष नव्हतं. तरी ती खाऊन बाई मेली होती, आणि जिनं भरवली ती खून केला म्हणत होती. बाबाजाननी टोपी काढून टक्कल पुसलं.

चारच्या सुमाराला चांगुणाचा बाप आला. आप्पासाहेब, बारा मैलांवरच्या टाकळदऱ्याचा. पोलीस पाटलानं त्याला सायकलवाल्याकरवी निरोप धाडला होता, तोही एवढाच: चांगुणा गेली, लगेच या. आप्पासाहेब धापा टाकत आला, लेकीच्या तोंडावरचं धोतर बाजूला केलं, एकदाच पाहिलं आणि वळून ओरडला, "कुनी चारलं हिला?"

मग साळूबाईवर नजर पडताच तो तिच्या अंगावर धावून गेला. दोघांनी धरून मागं ओढला. हिला फासावर द्या, हिनं माझी लेक खाल्ली, असं तो संध्याकाळपर्यंत घसा बसेतोवर म्हणत राहिला. त्याचं दुःख खरं होतं. तरी पोलिसाचा कान मेला कधी झोपत नाही. तो पहिला प्रश्न त्यांनी मनाच्या कोपऱ्यात ठेवून दिला.

साळूबाईला ठाण्यात न्यायचं त्यांनी टाळलं. गावच्या चावडीत बसवली, पाटलाला लक्ष ठेवायला सांगितलं. गुरुवारी फौजदार आले की त्यांना कबुली पुरे होती. साहेब उलटसुलट विचार करणारे नव्हते. मग साळूबाईची रवानगी नगरच्या तुरुंगात, आणि मागं राहणार एक रिकामी खोली, बायकोच्या मरणानं मुका झालेला मुलगा सूर्यभान आणि अडीच वर्षांची नात बनू. तीन दिवस हातात होते.

सूर्यभान, म्हणजे चांगुणाचा नवरा, मढ्याबरोबर ट्रकमध्ये बसून पारनेरला आला. वाटेत बाबाजाननी त्याला हळूहळू बोलतं केलं. लग्न ठरताना आप्पासाहेबांनी एकच अट घातली होती. पोरीनं कानिफनाथाच्या नावानं शेंगदाणा सोडलाय, तो तिला कधी खाऊ घालायचा नाही. घरच्यांनी आनंदानं मान्य केली. देवाचंच काम, त्यात काय.

"नुसतं खायचं नाही?"

"न्हाई साहेब. कूट कुटायचा न्हाई, शेंगा फोडायच्या न्हाईत, भुईमूग काढायला रानात जायचं न्हाई. तेलबी करडीचंच. आप्पा दर दिवाळीला डबा भरून धाडायचे."

"आणि तुमच्या आईनं हे सगळं पाळलं?"

"पाच वर्सं. वाडीतल्या बाया चांगुणाला महारानी म्हनायच्या, तर आई त्यांच्याशी भांडायची. सगळ्या भुईमुगाच्या शेंगा आई एकटी फोडायची."

"कशासाठी होता तो नवस?"

सूर्यभान विचारात पडला. मग म्हणाला की ते त्यानं कधी विचारलं नाही, आणि चांगुणालाही ठाऊक नव्हतं. लहानपणापासून आहे, एवढंच ती सांगायची.

मंगळवारी सकाळी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं फाडून तपासलं. घसा आतून सुजून बंद झाला होता, पोर श्वास कोंडून गेली होती. विषाची खूण नाही. नमुने पुण्याला जातील, उत्तराला दोन महिने लागतील. मग डॉक्टर खुर्चीत मागं टेकला आणि म्हणाला की त्याला स्वतःला हे ॲलर्जीचं वाटतंय. चारचौघांना मानवणारा पदार्थ एखाद्याच्या अंगाला अजिबात चालत नाही. कुणाला नुसत्या गांधी उठतात, कुणाचा पंधरा मिनिटांत जीव जातो. शेंगदाणा त्यातलाच.

"पण एक पटत नाही, हवालदार," तो म्हणाला. "एवढं तीव्र असेल तर लहानपणी एकदा तरी दणका बसलेला असणार. मग हे तिला माहीत असायला हवं. आणि माहीत असलेलं माणूस हात जोडून ते खाईल कशाला?"

बाबाजान घरी जेवायला गेले. बायको हसीना वांगी चिरत होती. थोरल्या मुलाला विषमज्वर झाला तेव्हा तिनं दर्ग्यात मन्नत मागून वांगं सोडलं होतं. तेरा वर्षांत तिनं वांग्याचा तुकडा जिभेला लावला नव्हता, पण घरच्यांसाठी आठवड्यातून दोनदा ती वांगी चिरत होती, परतत होती, मीठ कमी आहे का ते मात्र नवऱ्याला विचारत होती. बाबाजान तिच्या हातांकडं बघत उभे राहिले. ताट वाढलंय, असं तिला दोनदा सांगावं लागलं.

त्याच दुपारी ते पिंपळदऱ्याच्या डोंगरावर चढले. गुडघ्यांनी शिव्या घातल्या. वर नाथाचं ठाणं होतं. तिथल्या म्हाताऱ्या पुजाऱ्यानं काही लपवलं नाही. रविवारी साळूबाई अनवाणी आली होती. सुनेचा नवस माघारी घ्या म्हणून पदर पसरून रडली होती. पोर उपाशी आहे, पोटुशी आहे, सुकडीशिवाय गावात दुसरं काही नाही. नाथाला काय शिक्षा करायची ती मला करू दे, पण तिला खाऊ दे. पुजाऱ्यानं नारळ फोडून अंगारा दिला होता. नवस कशाचा होता, असं त्यानं विचारलं, कारण सोडवताना ते बोलावं लागतं. साळूबाईला सांगता आलं नव्हतं.

आता कबुली कशाची ते उमगलं. बाबाजान चावडीत गेले आणि साळूबाईसमोर बसले. डोंगरावर जाऊन आलो, एवढंच म्हणाले. तशी दोन दिवस दगड झालेली ती बाई कोसळली. नाथ कोपला, म्हणाली. चूक तिची, पण नाथानं सुनेला नेलं. आता तो सूर्यभानला नेईल, बनूला नेईल. "सरकारनं माझा जीव घेतला म्हंजी त्याचा राग निवंल," ती म्हणाली. "म्हनून म्हनते, मला न्या."

देवाला भिऊन फासावर चढायला निघालेलं माणूस बाबाजाननी पहिल्यांदाच पाहिलं होतं. आपल्याला काय वाटतंय ते तिला सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण अजून एक खात्री करून घ्यायची होती. ते उठून बाहेर आले.

बुधवारी सकाळी राख सावडली. मग सगळी सूर्यभानच्या दारात लिंबाखाली जमली. बाबाजाननी साळूबाईला चावडीतून आणून कडेला बसवलं होतं. आप्पासाहेब बनूला मांडीवर घेऊन बसला होता. पोरीला मी टाकळदऱ्याला नेणार, असं त्यानं जाहीर केलं होतं. या घरात तिनं घासभर खायचं नाही.

पोर भुकेलेलं. मांडीवरून उतरून ते रंगुबाईकडं गेलं. रंगुबाईनं मायेनं पदरातली सुकडी मोडून तिच्या मुठीत दिली. बाबाजान पुढं झेपावलेच होते, पण आप्पासाहेब त्यांच्या आधी पोचला. म्हातारा वीज चमकावी तसा उठला. त्यानं मूठ उघडून तुकडा फेकला, शेजारची घागर उचलली आणि पोरीचे हात धुतले. एकदा धुतले, पुन्हा धुतले, मग तोंड धुतलं. त्या घागरीवर घराला आणखी दोन दिवस काढायचे होते. निम्मं पाणी मातीत गेलं.

"आप्पा," बाबाजान म्हणाले, "बसा खाली. मला थोडं बोलायचंय."

ते शांतपणे बोलले, एरवीचा फटकळपणा त्यांनी बाजूला ठेवला. आधी साळूबाईकडं वळून सांगितलं की सुकडीत विष नव्हतं, आणि नाथाचाही यात काही संबंध नाही. चांगुणाच्या अंगाला शेंगदाणा चालत नव्हता. तो तिला विषासारखा होता. हे एका माणसाला ठाऊक होतं.

"सोमवारी तुम्ही आलात, आप्पा. निरोप एवढाच होता की पोरगी गेली. साप चावला, विहिरीत पडली, मातीखाली सापडली, बाप आधी काय झालं ते विचारतो. तुम्ही विचारलंत, कुणी चारलं. सूज बघितल्याबरोबर तुम्हाला कळलं होतं. कारण ती सूज तुम्ही आधी पाहिली होती."

आप्पासाहेब पुटपुटला की तोंडाला येईल ते बोललो, बापाचं काळीज आहे.

"असेल. पण नवस तोंडाचा असतो, आप्पा. माझ्या घरी तेरा वर्षं वांगं सोडलंय, तरी दर आठवड्याला चिरतात. तुम्ही चांगुणाला शेंगेला हात लावू दिला नाहीत, कुटाजवळ फिरकू दिलं नाहीत, भुईमुगाच्या रानात जाऊ दिलं नाहीत. कोणत्या देवानं असा नवस मागितला? आणि मागणं काय होतं? तिला माहीत नाही, नवऱ्याला माहीत नाही, सासूला माहीत नाही. तुम्ही सांगा."

आप्पासाहेबानं बनूला आणखी जवळ ओढलं.

"सोडलं होतं ते चांगुणानं," बाबाजान म्हणाले. "बनूनं काही सोडलेलं नाही. मग तुम्ही आत्ता प्यायचं पाणी ओतून तिचे हात का धुतलेत?"

आप्पासाहेब पोरीचे ओले हात आपल्या हातात धरून बसला होता. तो जमिनीकडं बघत बोलला.

चांगुणा तीन वर्षांची होती. जत्रेत त्यानं तिला शेंगदाण्याची चिक्की घेऊन दिली. पोर काळीनिळी पडली. खांद्यावर टाकून तो पळत सुटला, मिळेल त्या गाडीनं नगरला एका दवाखान्यात पोचला. तिथं सुई दिली, पोर वाचली. तिथल्या डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं की पुन्हा शेंगदाणा पोटात गेला तर पोर हाती लागायची नाही, आणि हे घरादाराला, शाळेला, पुढं सासरलाही सांगून ठेवा.

"मी घरी येऊन नवस सांगितला," तो म्हणाला. "तिच्या आईला सांगितला. तिलाबी सांगितला. ल्हान पोर, कुटं बोलून बसली तर? आजारी पोर कोन पदरात घेतं, हवालदार? देवाचं म्हनलं की समदे पाळत्यात. मला वाटलं, देवाचं कोन मोडंल."

"तिनंच मोडलं असतं कधी ना कधी. भुकेनं."

"व्हय," आप्पासाहेब म्हणाला. मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो गुरासारखा रडायला लागला. "परवापास्नं मला म्हाईत हाय. समद्यात आदी मलाच म्हाईत हुतं. म्हनून हिला फासावर द्या म्हनत हुतो."

सूर्यभान उठून त्याच्यापर्यंत गेला. लोकांना वाटलं, आता मारतो. पण तो तसाच उभा राहिला आणि परत येऊन आईजवळ बसला.

बोलली ती साळूबाई. आवाज इतका बारीक होता की पाटलाला पुढं वाकावं लागलं.

"आप्पा, पाच वर्सं मी तुमचा नवस पाळला. सणाच्या दिवशीबी येका दान्याचा डाग तिच्या ताटाला लागू दिला न्हाई. तुमी आजार म्हनून सांगितलं असतं, तर मी पाळला नसता का? देवासाठी पाळलं, आन पोरीसाठी पाळलं नसतं?"

साळूबाईनं स्वतःच्या उजव्या हाताकडं पाहिलं आणि तो पदरात गुंडाळून घेतला. बाबाजाननी तोंड फिरवलं.

थोड्या वेळानं त्यांनी आप्पासाहेबाला सांगितलं की त्याच्यासाठी पुस्तकात कलम नाही. आपण शोधलं. साळूबाईवरही काही नाही. डॉक्टरचा कागद आणि आजचे जबाब आपण उद्या फौजदारसाहेबांपुढं ठेवू, ते ऐकेपर्यंत ठेवू. पण बनूचं काय? आईच्या नवसामुळं आजवर तिच्याही तोंडी दाणा लागलेला नाही. तिच्या अंगात आईचं आलंय की नाही, ते डॉक्टरलाही आज सांगता येत नाही. खाऊ घालून बघायची तर सोयच नाही. आणि तलावावर दोनशे चाळीस बाया होत्या. भुकेलं पोर दिसलं की त्यातली कुणीही पदरातला तुकडा काढून देणार, आत्ता रंगुबाईनं दिला तसा.

"त्यांना सांगावं लागेल, आप्पा. तुम्हीच सांगायचं. आणि नवस म्हणून नाही."

"समद्यांम्होरं?" आप्पासाहेब म्हणाला. "उद्या हिचं लगीन..."



दुपारच्या सुट्टीत ते तलावावर गेले. बाया बांधाच्या सावलीला ओळींनी बसल्या होत्या, सुकडी वाटून झाली होती. आप्पासाहेब बनूला कडेवर घेऊन पहिल्या ओळीपुढं उभा राहिला. त्यानं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. दोनदा उघडलं. तेव्हा मागून साळूबाई आली. तिनं पोर त्याच्याकडून घेतलं नाही, नुसती शेजारी उभी राहिली.

"हिला शेंगदाना द्यायचा न्हाई," ती पहिल्या बाईला म्हणाली. "सुकडी द्यायची न्हाई, खरकटा हात लावायचा न्हाई. हिच्या आईला आजार हुता. नवस न्हवता."

मग दुसऱ्या बाईपुढं जाऊन तेच. मग तिसऱ्या. एकीनं सुकडीचा हात लुगड्याला पुसला. एकीनं विचारलं की भाकरी चालंल का, आणि साळूबाई म्हणाली, चालंल. ओळीच्या शेवटाशी आल्यावर तिला धाप लागली, ती गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. तेव्हा आप्पासाहेब पुढं झाला.

"माझ्या लेकीला आजार हुता," तो म्हणाला. "शेंगदान्याचा. मी लपवला."

ती बाई त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं बनूसाठी काढलेला तुकडा परत पदरात बांधला.

"चला," साळूबाई म्हणाली. "पल्याडच्या बांधावरच्या राहिल्यात."